कोथिंबीर नसते तेव्हा

आषाढ-श्रावणात कोथिंबिरीचे हाल होतात. पाऊस कोवळ्या पानांना झोडपून काढतो, वाफ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि ओल्या जुड्या टेम्पोत एकावर एक रचल्या की बाजारात येईपर्यंत मधली पानं काळी, चिकट झालेली असतात. हिवाळ्यात भाजीवाल्या मावशी वांग्यांवर ज्या चार काड्या आपणहून टाकतात, त्याच चार काड्यांचे पावसाळ्यात पैसे मोजावे लागतात. मग घरोघरी एकच विचारणा सुरू होते: कोथिंबिरीऐवजी काय घालायचं?

मला हा प्रश्न मनापासून आवडतो. स्वयंपाकातले बरेचसे प्रश्न प्रमाणाचे किंवा वेळेचे असतात. हा मात्र सगळा पदार्थच उलगडून बघायला लावतो. ‘ऐवजी काय’ सांगायचं तर ते पान तिथे मुळात काय करत होतं, हे आधी ठरवावं लागतं. आणि कोथिंबीर तर आपल्याकडे इतक्या निरनिराळ्या कामांना जुंपलेली असते की एका नावाने तिची जागा भरून निघणं शक्यच नाही.

सगळ्यात परिचित काम वरून भुरभुरण्याचं. पोहे, उपमा, मिसळ, आमटी. इथे आपल्याला हवा असतो तो कच्च्या पानाचा वास. तो मुख्यतः आल्डिहाइड गटातल्या रसायनांचा असतो, आणि ही रसायनं उष्णतेपुढे फार टिकत नाहीत. म्हणून उकळत्या आमटीत टाकलेली कोथिंबीर थोड्याच वेळात नुसता हिरवा पाला होऊन तरंगते, आणि गॅस बंद केल्यावर टाकलेली ताटापर्यंत दरवळत येते. “कोथिंबीर नाही तर धनेपूड वाढवा” असा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. तो इथे अगदी निरुपयोगी आहे. धन्यांच्या वासात लिनालूल पुढे असतं, त्याची जात गोडसर आणि उबदार. एकाच झाडाचं पान आणि बी, पण एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

आमटीवर कोथिंबीर नसेल तर मी दुसरं कुठलंही पान भुरभुरत नाही. फोडणी आधी देण्याऐवजी शेवटी, वरून देते. मोहरी, हिंग, दोन लसूण पाकळ्या ठेचून आणि कढीपत्ता जरा जास्त. झाकण उघडल्यावर नाकाला जे पहिलं भेटायला हवं, ते त्या चरचरीत फोडणीतून मिळतं. वास निराळा असतो, पण तो वर असतो, आणि कोथिंबिरीचं तिथलं काम तेच होतं. पोह्यांवर मात्र कांद्याची पात चालते, अगदी बारीक चिरून. पोह्यांत कांदा आधीच असतो, त्यामुळे ती उपरी वाटत नाही. मिसळीवर तर कच्चा कांदा आणि लिंबू असतंच. तिथे कोथिंबीर नसली तरी फारसं अडत नाही.

वाटणातली कोथिंबीर वेगळी. हिरवी चटणी, हिरव्या वाटणातलं चिकन, गोव्याचं कॅफ्रियल. इथे ती मिरची, आलं, लसूण यांच्याबरोबर वाटली जाते, भाजली-शिजवली जाते. वास एकटीचा राहत नाही. रंग आणि दाटपणा मात्र बऱ्याच अंशी तिच्याकडून येतो. जुडी महाग असेल तेव्हा इथे देठांवर भिस्त ठेवावी. पानं वरून घालायला राखून ठेवायची आणि कोवळे देठ वाटणात जाऊ द्यायचे. देठांना वास भरपूर असतो. थायलंडमध्ये तर कोथिंबिरीची मुळंसुद्धा लसूण-मिऱ्यांबरोबर खलात कुटतात. आपण देठ कचऱ्यात टाकतो आणि मग पानं कमी पडली म्हणून हळहळतो, याचं मला फार वाईट वाटतं. तरीही कमी पडलं तर गरम पाण्यातून काढलेला थोडा पालक रंगासाठी, आणि पुदिना चवीसाठी. पुदिना चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर घास तोंडात गेल्यावर आधी गारवा जाणवतो आणि मसाला मागे पडतो.

आणि कोथिंबीर वडी? तिथे पर्याय शोधूच नये. त्या वडीचा सगळा देह कोथिंबिरीचा असतो, बेसन नावापुरतं, धरून ठेवण्यासाठी. मेथी घातली तर मेथीची वडी होईल, कोबी घातला तर कोबीची. दोन्ही चांगल्या, पण त्या त्यांच्या नावाने कराव्यात. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि नागपूरकडची सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, हिवाळ्यातला पदार्थ आहे यामागे हेच शहाणपण आहे. खसखस, सुकं खोबरं, तीळ यांच्याबरोबर परतलेली भरगच्च कोथिंबीर पुडात भरून तळायची, तर ती जेव्हा टोपलीने येते तेव्हाच ते शोभतं. भर पावसात, कोथिंबीर जपून वापरत केलेली सांबारवडी मी खाल्ली आहे. आत सारण कमी आणि पीठच जास्त होतं.

मोबाइलवर शोधलं तर पर्यायांच्या यादीत पहिलं नाव बहुधा पार्सलीचं येतं. दोघी एकाच वनस्पतिकुळातल्या, पानांची कातरण सारखी, जुडीही तशीच बांधलेली. म्हणजे ही निवड डोळ्यांनी केलेली आहे. वासात दोघींचा काही संबंध नाही. पार्सलीला ताज्या गवतासारखा, थोडा कडसर, स्वच्छ वास. पोह्यांवर ती घातली तर हिरवे ठिपके दिसतात आणि बाकी काहीच घडत नाही. एकाच गोष्टीला पार्सली बरी पडते: घरात कुणाला कोथिंबीर साबणासारखी लागत असेल तर. हे लोक नखरे करत नसतात. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्या संख्येने लोकांच्या जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की ही साबणाची चव जाणवण्याचा संबंध ‘ओआर६ए२’ या गंधग्राहक जनुकाच्या आसपासच्या बदलाशी आहे, आणि हा ग्राहक नेमका आल्डिहाइडांना ओळखणारा आहे. जनुकाचा वाटा लहानच आहे, सवयीचाही भाग असतोच. पण ताटात कोथिंबीर बाजूला सारणाऱ्या मुलाला रागावण्याआधी हे आठवावं असं मला वाटतं.

कोथिंबिरीचं काम नाकाने खरोखर करू शकेल असं पान मी पाहिलं ते ईशान्येकडे. आसामात त्याला मान धनिया म्हणतात, मणिपूर-मिझोराममध्येही ते घरोघरी असतं. लांब, कडेला करवतीसारखे दाते असलेलं पान, जमिनीलगत पसरलेलं. दिसायला कोथिंबिरीच्या जवळपासही नाही. चुरगळलं तर मात्र कोथिंबीरच, आणि चारपट उग्र. हे झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं, मेक्सिको आणि कॅरिबियन भागातलं. पोर्तोरिकोच्या स्वयंपाकात ते मुख्य आहे, व्हिएतनाममध्येही. सावलीत, ओलसर जमिनीत, पावसाच्या प्रदेशात ते सुखाने वाढतं, म्हणजे नेमकं आपली कोथिंबीर जिथे हार मानते तिथे. शिवाय ते शिजवताना बऱ्यापैकी टिकतं, म्हणून माशाच्या कालवणात आधी घातलं तरी वास राहतो. ठाण्याच्या माझ्या खिडकीत, जिथे थेट ऊन येत नाही, तिथे त्याची एक कुंडी आहे. वापरताना एकच पथ्य: एक पान, फार तर दोन, आणि अगदी बारीक चिरून. जुडीच्या हिशेबाने घातलं तर जेवण संपल्यावरही बोटांचा वास जात नाही.

मी मूळची अलिबागकडची. त्यामुळे एका पानाच्या जागी दुसरं घालण्याचा विषय निघाला की माझ्या मनात कोथिंबिरीच्याही आधी भांबुर्डा येतो.

भाताची कापणी झाली, शेतात वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात पोपटीचे दिवस सुरू होतात. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. रात्री शेतावर, थंडीत. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, अंडी. मधे मधे जाडं मीठ आणि ओवा. वरून पुन्हा भांबुर्डा, मडक्याचं तोंड त्याच पाल्याने गच्च बंद करायचं, आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. आग ओसरत आली की मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र आवाज करून पाणी क्षणात उडालं की झालं. काठीने मडकं बाजूला घेऊन तोंडाचा पाला ओढला की जो वास बाहेर येतो, त्यासाठी पुण्या-मुंबईहून लोक गाड्या काढून येतात.

भांबुर्डा कुणी लावत नाही. बांधावर, पडीक शेतात आपोआप उगवतो. इतर वेळी त्याला कुणी विचारत नाही, गुरंसुद्धा फारशी तोंड लावत नाहीत. पानं लवदार, आणि वास तिखट, कापरासारखा, अंगावर येणारा. कच्चा हुंगला तर हा खाण्याजवळ न्यावा असं कुणाला वाटणार नाही. आगीत मात्र तो मवाळ होतो आणि शेंगांच्या सालीतून आत दाण्यापर्यंत उतरतो.

आता ठाण्यात किंवा पुण्यात, गच्चीवर पोपटी करायची हौस आली तर हा पाला आणायचा कुठून? आमच्या नात्यात हा प्रसंग दरवर्षी येतो. बहुतेक जण केळीचं पान वापरतात. ते का चालतं आणि कुठे तोकडं पडतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मडक्यात भांबुर्डा कितीतरी कामं करत असतो. तापलेल्या मातीला शेंगा चिकटू देत नाही. स्वतःतला ओलावा सोडून आत वाफ धरतो, म्हणून तर पाणी लागत नाही. तोंड बंद करतो. आणि वास देतो. यातली पहिली कामं केळीचं पान चोख करतं, किंबहुना बुडाला चिकटू न देण्यात ते भांबुर्ड्यापेक्षा सरस आहे. वासाचं काम मात्र ते करत नाही. केळीच्या पानातून येणारा वास हलका, हिरवट, लग्नाच्या पंगतीची आठवण देणारा. त्याने शेंगा छान उकडतात. आमच्या काकांनी एकदा तशा शेंगा सोलता सोलता सांगितलं, “चव चांगली आहे गं, पण या उकडलेल्या शेंगा आहेत.” बोलण्यात राग नव्हता, नुसतं निदान होतं, आणि ते बरोबर होतं.

त्यानंतर आम्ही केळीच्या पानांच्या थरांत ओव्याची पानं घालू लागलो. पानओवा, तो जाड, मांसल, लवदार पानांचा, ज्याची भजी करतात. कल्पना अशी की पोपटीत ओवा आधीच असतो, त्यामुळे हे पान तिथे परकं ठरणार नाही, आणि आगीत टिकेल इतका त्याचा वास दमदार असतो. पान जाड असल्याने पाणीही भरपूर सोडतं. मूठभर ठेचून खाली, मूठभर वर. भांबुर्ड्याची पोपटी ती होत नाही, आणि मी तिला तसं म्हणतही नाही. पण मडकं उघडल्यावर काहीतरी अंगावर येतं, शेंगेच्या सालीला बोटं लागली की बोटांनाही वास येतो. काकांनी दुसऱ्यांदा शेंगा मागून घेतल्या.

पानओव्याबद्दल आणखी थोडं. बियांचा ओवा आणि हे पान यांची कुळं अगदी वेगळी आहेत. ओवा जिऱ्या-धन्याच्या गोतावळ्यातला, हे पान तुळशी-पुदिन्याच्या. तरी दोघांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं भेटतात, आणि तीच द्रव्यं थाइम व ओरेगॅनोतही असतात. म्हणूनच क्युबा आणि कॅरिबियन बेटांवर हेच पान ओरेगॅनोच्या जागी सर्रास वापरतात. घरी पिझ्झा, टोमॅटोचा सॉस करणाऱ्यांनी सुक्या ओरेगॅनोच्या पुड्या साठवण्याआधी गॅलरीतल्या या पानाकडे बघावं. बारीक चिरून, सॉस शिजत असतानाच घालावं. बर्फाळ हवा सोडली तर हे झाड मरतच नाही.

हळदीच्या पानाचा मामला अधिक नाजूक. नागपंचमीला आमच्याकडे पातोळ्या होतात. तांदळाच्या पिठाचा पातळ हात हळदीच्या पानावर फिरवायचा, मध्ये ओलं खोबरं आणि गुळाचं चून, पान दुमडायचं, उकडायचं. गोव्यात हिंदू घरांत नागपंचमीला आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला हाच पदार्थ असतो, आणि याचं कारण पंचांगाइतकंच शेतातही आहे: उन्हाळ्याच्या शेवटी लावलेल्या हळदीची पानं श्रावणात हातभर लांब झालेली असतात. त्याच्या आधी पान नाही, थंडीत ते वाळून जातं.

इथे पान खाल्लं जात नाही, सोलून टाकलं जातं. तरीही पातोळीत तेच सर्वस्व. पान मिळालं नाही म्हणून कुणी पिठात हळदपूड घालायला सुचवतं, ते मुळीच करू नये. पानाचा आणि गड्ड्याचा वास वेगवेगळा असतो. पानात फेलँड्रीन पुढे, गड्ड्यात टर्मेरोन. पूड घातली की पिवळं आणि मातकट काहीतरी होतं, त्यात पानाच्या वासाचा मागमूस नसतो. केळीचं पान वापरलं तर पातोळी सुटते छान, रेघाही उमटतात, आणि चुनात वेलची जरा जास्त घातली की नैवेद्याला काही उणं वाटत नाही. फणसाच्या पानांचे खोले करून इडलीसारखं पीठ त्यात उकडण्याची पद्धत गोव्यापासून मंगळूरपर्यंत आहेच, त्या पानालाही एक मंद, छान वास असतो; पण तो आंबवलेल्या पिठाबरोबर जुळतो, गुळाबरोबर मला तितकासा भावला नाही.

माझी नणंद सिंगापूरला असते. तिला पानांची चिंताच नाही. तिथल्या टेक्का मार्केटमध्ये हळदीची ताजी पानं गड्डीने मिळतात, पण ती पातोळ्यांसाठी ठेवलेली नसतात. पश्चिम सुमात्रामधल्या मिनांगकाबाऊ लोकांचं रेंदांग, नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेलं मांस, त्यात हळदीचं पान लागतं. एकच पान, आमच्याकडे सोवळ्यातल्या गोडाला आणि तिथे मांसाला. दोन्हीकडे जोडीला नारळ आहे, हे मात्र बघण्यासारखं आहे. नारळाची स्निग्धता या पानाचा वास धरून ठेवते, असं माझं निरीक्षण आहे.

याच नणंदेने एका वर्षी पान मिळालं असूनही मुद्दाम निम्म्या पातोळ्या पांदानच्या पानात केल्या. पांदान आपल्या केवड्याच्या जातकुळीतलं, तिथल्या मिठायांत सगळीकडे असणारं. पान अरुंद, म्हणून तिने पानं एकमेकांत विणून चौकोन केले. तिने फोनवर वर्णन केलं, “वहिनी, पातोळीला आंबेमोहोराचा वास आला.” हे शब्दशः खरं आहे. आंबेमोहोर, बासमती अशा सुवासिक तांदळांचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते २-ॲसिटिल-१-पायरोलिन पांदानच्या पानातही असतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्हींत ते दाखवून दिलं. आता आपल्याकडच्या नर्सरींतही हे रोप मिळतं, आणि साध्या तांदळात एक पान गाठ मारून टाकलं की भात सुवासिक होतो. नणंदेची पातोळी मला फार हुशारीची वाटली. हळदीच्या पानाची नक्कल करायला ती गेलीच नाही. पातोळी शेवटी तांदळाची, तर तिने तांदळाचाच वास वाढवला. पुढच्या मुक्कामात तिने इथे येऊन तशा करून घातल्या, आणि सासूबाईंनी त्या आवडीने खाल्ल्या. देवापुढे मात्र हळदीच्या पानातल्याच ठेवल्या.

ज्यांच्याकडे एक मोठी कुंडी आहे, त्यांनी मे महिन्यात ओल्या हळदीचा डोळा आलेला तुकडा मातीत पुरावा. गणपतीपर्यंत मोदकपात्रात तळाला घालण्याइतकी पानं घरची होतात. जास्त झाली तर पुसून, गुंडाळी करून फ्रीझरमध्ये ठेवावीत. रंग उतरतो, वास बऱ्यापैकी राहतो.

फेलँड्रीनचं नाव वर आलं म्हणून एक गंमत सांगते. शेपूच्या पानातही हेच द्रव्य भरपूर असतं. पण म्हणून शेपूच्या काड्यांवर पातोळी उकडायला कुणी जाणार नाही! एखादं द्रव्य सारखं निघालं की दोन पानं अदलाबदल करता येतील, असा हिशेब मांडणारे तक्ते हल्ली फार दिसतात. ते वाचायला मला आवडतात, पण शेवटचा शब्द नाकाचा. पान चुरगळून हुंगावं, मग जिभेवर एक तुकडा ठेवावा, मग ठरवावं.

शेपूचा प्रश्न जर्मनीतल्या भाचीचा. तिचा फोन आला, “मावशी, इथे बडीशेपेचा गड्डा मिळतो ना, त्याचा पाला अगदी शेपूसारखा दिसतो. त्याची भाजी करू?” मी तिला थांबवलं. दिसतो सारखाच, केसासारखा बारीक. पण बडीशेपेच्या पाल्यात ॲनेथॉलचा गोडवा असतो, आणि आपली शेपूची भाजी उभी असते लसणाच्या फोडणीवर. लसूण, हिरवी मिरची आणि बडीशेपेचा गोडवा यांचं जमत नाही; जेवण संपायच्या आतच मुखवास खाल्ल्यासारखं होतं. खरं तर तिला पर्यायाची गरजच नव्हती. तिथे डिल या नावाने जे मिळतं तो शेपूच, वाणाचा काय तो फरक. अडचण होती ती आकाराची. जर्मन घरांत शेपू चिमूटभर लागतो, काकडीच्या कोशिंबिरीवर, माशावर. म्हणून दुकानात छोटीशी जुडी असते. आपल्याकडे शेपू ही भाजी आहे, कढईभर. चार जणांची भाजी करायची तर तिला त्या दुकानातला सगळा शेपू उचलावा लागला असता.

आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. कढई भरण्याचं काम पालकाला दिलं आणि वासाचं काम डिलच्या एका जुडीला. मूगडाळ भिजवून, लसूण चांगला तांबूस करून, आधी पालक परतून त्याचं पाणी आटवायचं, आणि शेपू अगदी शेवटी. कारण इथे शेपू थोडा आहे, तो आधी टाकून उडवून चालणार नाही. तिच्या घरी आता हीच भाजी रुळली आहे. इथे आली की ती नुसत्या शेपूची मागते, आणि मग पहिल्या घासाला तिला तो उग्र वाटतो.

तुळशीबद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो. इटालियन पेस्टो घरी करायची, बेसिल नाही, दारात तुळस आहे, दोघींचं शास्त्रीय गणगोत एक; मग तुळस का नको, असं नव्या मुली विचारतात. चवीपुरतं उत्तर सोपं आहे. तुळशीत युजेनॉल पुष्कळ, म्हणजे लवंगेचा तोच झणका. मूठमूठ कच्ची पानं तेलात वाटली तर चटणी कडू आणि जीभ बधिर करणारी होते. थायलंडमध्ये तुळशीचीच पानं मांसाबरोबर मोठ्या आचेवर परततात आणि ते फार चविष्ट लागतं, पण तिथे आच आहे, लसूण-मिरची आहे, फिश सॉस आहे. कच्च्या पेस्टोत तिला असा आधार मिळत नाही.

चवीपलीकडचंही एक उत्तर माझ्यापुरतं आहे. आमच्या घरी नैवेद्याच्या पानावर तुळशीचं पान ठेवल्याशिवाय ताट पूर्ण होत नाही, आणि माळकरी आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी ती काढ्यात घालते, चहात घालते. मांसात तिची पानं परतायला माझा हात उचलत नाही. इतरांनी करू नये असं मी म्हणणार नाही. पण घरातल्या प्रत्येक पानाकडे केवळ वासाचा साठा म्हणून बघता येत नाही, आणि पर्याय शोधताना हेही मोजायला हवं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शिवाय बेसिलच्या जागी चालेल असं दुसरं पान आपल्या परसात असतंच. सब्जा! फालुद्यात, सरबतात जे काळे दाणे फुगवून घालतो, ते झाड म्हणजे बेसिलच, जातसुद्धा तीच. दाण्यांचं नाव घरोघरी माहीत, पानांना कुणी हात लावत नाही. सब्जाच्या रोपारोपांत वास बदलतो. काहींना बडीशेपेची झाक असते, काहींना लवंगेची. म्हणून नर्सरीत रोप निवडताना पान चोळून घ्यावं. बडीशेपेकडे झुकणारं निघालं तर ते थाई करीला अधिक शोभेल, गोडसर निघालं तर टोमॅटोबरोबर. काजू किंवा भाजलेले शेंगदाणे, लसूण, सब्जाची पानं, तेल आणि मीठ, एवढ्यावर जी चटणी होते ती भाकरीबरोबर मी अगदी आवडीने खाते.

शेवटी कढीपत्ता. त्याला पर्याय नाही. इतकं ठाम मी क्वचितच बोलते. तमालपत्र सुचवतात, लिंबाची साल सुचवतात, दोन्ही एकत्र सुचवतात. तमालपत्राला रश्श्यात, भातात मंद शिजत बसायला हवं. कढीपत्ता तापलेल्या तेलात पडतो, क्षणभर तडतडतो आणि तेवढ्यात सगळं देऊन मोकळा होतो. वाळवलेल्या पानांत फारसं काही उरत नाही, ती दुकानात कितीही हिरवी दिसोत.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत असते. तिथे भारतातून सामानात ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. लिंबू-संत्र्यांच्या झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारा सिला हा इवलासा कीटक कढीपत्त्यावरही राहतो, कारण हे झाडही लिंबाच्याच कुळातलं. फ्लोरिडात तो कीटक १९९८ साली आढळला, रोग २००५ साली, आणि संत्र्यांच्या बागांची तिथे जी वाताहत झाली ती पाहता बंधन रास्तच म्हणावं लागेल. तिला मी सांगितलं, ताकाच्या कढीत कढीपत्ता नसेल तर त्याची जागा रिकामी ठेव. जिरं, चार मेथीदाणे, हिंग, आलं, सुकी मिरची. तुपाची फोडणी कर, तेलाची नको, म्हणजे वासाला तुपाचा आधार राहील. तिची कढी आता तशीच होते, आणि ती पूर्ण लागते. तिच्या गावातल्या दुकानात कधीतरी तिथेच पिकवलेला ताजा कढीपत्ता येतो. त्या आठवड्यात ती कढी करत नाही. थोडी पानं डहाळीसकट फ्रीझरमध्ये टाकते आणि उरलेल्याची सुकं खोबरं, तीळ, लसूण घालून कोरडी चटणी करते, बरणीभर.